शुगर एकदम खाली गेली तर: मधुमेह्याच्या घरच्यांसाठी

मधुमेह म्हटला की आपलं सगळं लक्ष वाढलेल्या साखरेकडे असतं. रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा, बिनसाखरेचा चहा, लग्नाच्या पंगतीत जिलबीला आडवा केलेला हात, सगळं त्याच भीतीपोटी. ती भीती खोटी नाही. वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर डोळे, किडन्या, पायांच्या नसा आणि हृदय पोखरते. पण बहुतेकांच्या बाबतीत ती हे काम सावकाश करते. खूप खाली गेलेली साखर मात्र तासाभरात चालत्याबोलत्या माणसाला बेशुद्ध पाडू शकते, आणि तिच्याबद्दल घरात फारसं बोललं जात नाही. डॉक्टरांकडून येताना पथ्याचा छापील कागद मिळतो. शुगर लो झाली तर काय करायचं आणि कुणी करायचं, याचा कागद क्वचितच मिळतो. तो मिळायला हवा, आणि पेशंटइतकाच तो घरच्यांच्या हातात पडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

कमी म्हणजे किती कमी

ग्लुकोमीटरवर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खालचा आकडा आला की साखर कमी झाली असं धरतात आणि लगेच काहीतरी गोड घ्यायचं असतं. ५४ च्या खाली गेली की मेंदूच्या कामात बिघाड सुरू होतो. (ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मोजण्याचं एकक वेगळं आहे, तिथल्या मीटरवर हेच आकडे ३.९ आणि ३.० असे दिसतात.) तिसरी पायरी मात्र कुठल्याच आकड्यावर ठरत नाही. माणूस इतका गोंधळला किंवा गळून गेला की त्याला स्वतःचं स्वतः सावरता येईना, दुसऱ्या कुणीतरी साखर भरवावी लागली, इंजेक्शन द्यावं लागलं, सलाइन लावावं लागलं, तर तो तीव्र हायपोग्लायसेमिया. बोलताना सगळे त्याला 'हायपो' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

म्हणजे या दुखण्याच्या व्याख्येतच दुसरा माणूस आला. 'आईला परवा काही सुधरत नव्हतं, मी साखरपाणी पाजलं, दहा मिनिटांत ठीक झाली' असं आपण सहज सांगतो आणि विसरूनही जातो. तो तीव्र हायपोच होता. दवाखाना गाठावा लागला नाही, एवढंच.

शरीराचा पहारा कुठे ढिला पडतो

निरोगी माणसाच्या साधारण पाच लिटर रक्तात कुठल्याही क्षणी जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं. चहाचा एक चमचा. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा तो घेतो वीस टक्के. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज एकट्या मेंदूला लागतं आणि स्वतःकडे तो साठा जवळपास ठेवतच नाही. तरीही एरवी आपल्याला काही होत नाही, कारण शरीराने या व्यवस्थेवर कडक पहारा बसवलेला असतो.

साखर ८०-८५ पर्यंत उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणारं संप्रेरक, सोडणं आखडतं घेतं. आणखी उतरून सत्तरीच्या खाली सरकली की ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. पाठोपाठ अ‍ॅड्रिनलिन येतं. दरदरून घाम, हाताला कंप, छातीत धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक हे सगळं अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्याबरोबर चेतलेल्या नसांमुळे होतं, आणि त्याचा अर्थ एकच, की आत्ताच्या आत्ता काहीतरी खा. तरीही साखर घसरत राहिली, तर पन्नाशीच्या आसपास मेंदूच उपाशी पडू लागतो. शब्द सापडत नाहीत, दोन-दोन दिसतं, पाऊल वाकडं पडतं, माणूस उगाच चिडतो किंवा खुळ्यासारखा हसतो. त्याच्याही खाली फिट येते, शुद्ध हरपते.

मधुमेहात यातला पहिला पहारा उपचारामुळेच उठतो. एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. गोळीने स्वादुपिंडाला लावलेला रेटाही मध्येच थांबवता येत नाही. साखर ६० झाली तरी औषध आपलं काम करतच राहतं. टाइप वन मधुमेहात, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, पहिल्या काही वर्षांतच ग्लुकागॉनही वेळेवर येईनासं होतं. टाइप टू असून ज्यांना इन्सुलिन घेता घेता बरीच वर्षं झाली, त्यांचंही हळूहळू तसंच होतं. उरतं एकटं अ‍ॅड्रिनलिन. आणि वारंवार हायपो झाले की तेही बोथट होतं.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईस इथले डॉ. फिलिप क्रायर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की एक हायपो पुढच्या हायपोची वाट मोकळी करतो. आज साखर ५० पर्यंत जाऊन आली असेल, तर उद्या त्याच आकड्याला तितका घाम फुटत नाही, हात तितका थरथरत नाही. असं चार-सहा वेळा झालं की इशाऱ्याची पायरीच गळून पडते आणि माणूस थेट गोंधळाच्या पायरीवर जाऊन पोचतो. 'मला पंचेचाळीसला पण काही होत नाही, सवय झालीय' असं सांगणारे लोक सगळ्यांच्या ओळखीत असतील. त्यांना वाटतं, आपलं शरीर सरावलं. खरं तर तीव्र हायपोचा सर्वांत जास्त धोका याच लोकांना असतो. दिलासा देणारी गोष्ट अशी की हे बरंचसं भरून येतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदलून दोन-तीन आठवडे एकही हायपो होऊ दिला नाही, तर पुष्कळांमध्ये लक्षणं पुन्हा जाणवू लागतात.

ब्लड प्रेशर किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या चालू असतील, तर कंप आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो. अशांच्या घरच्यांनी घामावर लक्ष ठेवावं.

समोरच्याला काय दिसतं

दुपारचे दोन वाजलेत. सत्तरीतले एक काका सकाळी आठला मिक्स्ड इन्सुलिन टोचून, पोहे खाऊन बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. रांग मोठी, त्यात सर्व्हर डाऊन, मग रिक्षा मिळेना. जेवणाची वेळ टळली. घरी आले ते सदरा पाठीला चिकटलेला, अंग गार. चप्पल काढायला खुर्चीत बसले आणि एकाच चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. काकूंनी विचारलं, 'अहो, पान वाढू ना?' 'हो' म्हणाले, पण उठले नाहीत. पुन्हा विचारल्यावर अंगावर आले, 'सांगितलं ना एकदा! काही झालेलं नाही मला.' काकूंनी साखरेचा डबा पुढे केला तर हात झटकला, 'डायबेटिस आहे मला, साखर कसली देतेस?'

असा प्रसंग असंख्य घरांत घडतो, आणि नेमका इथे वेळ जातो. काकू वाद घालत बसतात, नाहीतर चिडून आत जातात. पण साखर घ्यायची की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचं, तोच या घडीला उपाशी आहे. त्यामुळे परवानगी मागू नका, समजूत काढू नका. विरघळवलेल्या साखरेचा पेला हातात द्या, 'एवढं पिऊन टाका' असं शांतपणे म्हणा आणि पिऊन होईपर्यंत शेजारी उभं राहा. नंतर रागावलेलं त्यांना आठवणारही नाही. त्यांचं ते बोलणं मनाला लावून घेऊ नका.

मीटर हाताशी नसेल, पट्ट्या संपल्या असतील, तर? इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी घेणारा माणूस घामाघूम, गोंधळलेला दिसला की साखर कमी आहे असंच धरून चालायचं. समजा अंदाज चुकला आणि साखर मुळात वाढलेली होती, तर तीन चमचे साखरेने त्या तासात फार काही बिघडत नाही. उलटी चूक महागात पडते.

मीटर असेल तर बोट आधी धुऊन, पुसून घ्या. आंबा कापलेल्या किंवा लाडू वळलेल्या हाताचं रक्त तपासलं तर बोटावरची साखर आकड्यात मिसळते आणि ५५ च्या जागी १२० दिसू शकतात.

म्हाताऱ्या माणसांत ही लक्षणं वेगळाच वेष घेतात. घाम नाही, कंप नाही, नुसतं असंबद्ध बोलणं, पेंगणं, तोल जाणं, कधी एका बाजूचा हात-पायच लुळा पडणं. घरच्यांना वाटतं अर्धांगवायूचा झटका आला, किंवा 'वयोमानाने चाललंय'. मधुमेहाचं औषध चालू असलेल्या कुणाही माणसाला असं अचानक झालं की बोट टोचून साखर पाहणं हे पहिलं काम. साखर ठीक निघाली, किंवा साखर देऊनही हात-पाय सुधारला नाही, तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठायचं. दारू घेतलेल्या माणसाचा धोका आणखी वेगळा. दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही, त्यामुळे रात्री रिकाम्या पोटी घेतलेल्या दारूचा हायपो दुसऱ्या दिवशी सकाळीही येऊ शकतो. आणि तोंडाला वास येत असल्याने 'चढलीय, झोपू दे' म्हणून त्याला तसंच सोडून दिलं जातं.

धोका सगळ्यांना सारखा नसतो

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्या सगळ्यांनी साखरेच्या पुड्या खिशात घेऊन फिरायची गरज नाही. नुसतं मेटफॉर्मिन, किंवा त्याच्यासोबत सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या घेणाऱ्यांना तीव्र हायपो क्वचितच होतो. खरा धोका दोन गटांना असतो. एक इन्सुलिन घेणारे. दुसरा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणारे, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि जुनी ग्लिबेनक्लामाइड, जी पुष्कळांना 'डाओनिल' या नावाने माहीत आहे. ग्लिबेनक्लामाइड शरीरात दीर्घकाळ रेंगाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही ती साठीपुढच्यांना योग्य नाही अशी नोंद आहे. आजीच्या डब्यात ती अजून असेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा, पण परस्पर बंद करू नका.

आपल्याकडच्या एका गोष्टीची माहिती फार कमी घरांत असते. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली गोळी सर्रास लिहून दिली जाते. यातलं व्होग्लिबोज आतड्यात साखर फुटू देत नाही. अकार्बोजचंही तेच काम. आणि घरातली साधी साखर आधी फुटल्याशिवाय रक्तात उतरत नाही. म्हणजे ग्लिमेपिराइडने शुगर खाली गेली, आपण साखर चारली, आणि व्होग्लिबोजने ती आतड्यातच अडवली. अशा माणसासाठी घरात साध्या, बिनस्वादाच्या ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. ग्लुकोज आधीच सुटं असतं, ते थेट शोषलं जातं. गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटकांची नावं असतात, आजच काढून वाचा.

इन्सुलिनच्या बाबतीत एक चूक जीवघेणी आहे, सिरिंजची. भारतात कुपीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं, कार्ट्रिजमधलं इन्सुलिन एका मिलिलिटरला १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर प्रत्यक्षात जातात ५० युनिट. अडीच पट. मेडिकलवाला जी देईल ती सिरिंज न घेता, कुपी दाखवून तिच्यावरचा आकडा जुळवून घ्यायची.

रोज एकाच जागी टोचून पोटावर किंवा मांडीवर गाठीसारखा मऊ उंचवटा येतो. तिथे टोचलं की दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचत राहतात. त्या जागेतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. मग कुणीतरी जागा बदलायला सांगतं, तोच डोस ताज्या जागेवर पूर्ण लागू पडतो आणि साखर कोसळते. जागा बदलायलाच हवी, पण डोस कमी करावा लागेल का हे त्याच वेळी विचारून घ्यावं.

मग किडनी. इन्सुलिन आणि या गोळ्या शरीराबाहेर टाकण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. ती मंदावली की तेच औषध जास्त वेळ आणि जास्त जोराने काम करतं. पंधरा वर्षं न आवरलेली साखर काहीही न बदलता आपोआप छान यायला लागली, तर पेढे वाटण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. काही अँटिबायोटिक्स, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, सल्फा गटातली कोट्रायमॉक्झाझोल, तसंच बुरशीवरची फ्लुकोनाझोल, सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांसोबत घेतली तर साखर खाली ओढू शकतात. सर्दी-तापाच्या डॉक्टरांनाही मधुमेहाची गोळी कोणती चालू आहे ते सांगावं, ते यासाठी.

उपास, वारी आणि रात्र

आपल्या वर्षात उपासांची कमतरता नाही. सोमवार, एकादशी, नवरात्र, हरतालिका, रमजानचे रोजे, आणि मधुमेह्यासाठी विशेष अवघड म्हणजे संकष्टी. चंद्रोदय रात्री नऊ-दहाला. सकाळी सवयीने गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं, दिवसभर चहा आणि मूठभर दाणे. उपास श्रद्धेचा भाग आहे आणि 'करू नका' एवढं म्हणून कुणी ऐकत नाही, ऐकावं असंही मी म्हणणार नाही. पण उपास करायचा तर त्या दिवसाचा डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवा. तो किती आणि कसा कमी करायचा हे औषधागणिक बदलतं. आणि साखर ७० च्या खाली गेली की उपास तिथेच सोडायचा, हे घरातल्या सगळ्यांना आधी मान्य असलेलं बरं. देवाला निमित्त सांगता येतं.

वारीचंही तसंच. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. रोज तासन् तास चालणं, जेवणाच्या वेळा दिंडीच्या हातात. चालण्याने स्नायू साखर ओढून घेतात, आणि त्याचा परिणाम त्या वेळेपुरता नसतो, पुढचे चोवीस तासही राहू शकतो. दिवसभर चाललेल्या माणसाची साखर मुक्कामाच्या तंबूत, रात्री झोपेत उतरते. वारीला निघण्याआधी डोसचा हिशेब, कमरेच्या पिशवीत ग्लुकोज, आणि दिंडीतल्या निदान दोघांना 'मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो' हे सांगून ठेवणं, एवढं तरी करावं.

रात्रीचा हायपो ओळखणं अवघड, कारण झोपेत इशारे कमी जाणवतात. घामाने भिजलेली उशी, भयंकर स्वप्नं, झोपेत ओरडणं, सकाळी डोकं जड आणि अंग मोडून आल्यासारखं, या खुणा दिसल्या तर एक-दोन रात्री तीनच्या सुमाराला साखर तपासून पाहा. टाइप वन असलेल्या मुलांच्या आई-वडिलांची झोप वर्षानुवर्षं याच भीतीने उडालेली असते. दंडावर लावायचा सेन्सर, म्हणजे सीजीएम, इथे फार उपयोगी पडतो. साखर घसरू लागली की फोनवर अलार्म वाजतो. आई-वडील पुण्यात किंवा सांगलीत एकटे आणि मुलगी न्यू जर्सीत, अशा घरांत हे आकडे तिच्या फोनवरही दिसू शकतात. खर्च बराच आहे, आणि सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे चालतो, त्यामुळे शंका आली की बोट टोचून खात्री करायची. पण वारंवार हायपो होणाऱ्या माणसासाठी मी इतर खर्च मागे ठेवून हा पुढे घेईन.

प्रत्यक्ष प्रसंगी

माणूस शुद्धीत आहे, गिळू शकतो आहे, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच द्यायची. सपाट तीन चमचे, अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून. किंवा दीडशे मिलिलिटर गोड फळांचा रस किंवा साखर असलेलं कोल्ड्रिंक, डाएट नको. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, बर्फी, चॉकलेट, आइस्क्रीम देण्याचा मोह होतो, पण त्यातलं तूप-लोणी साखरेला पोटातच रेंगाळायला लावतं. बिस्किट आणि पोळीही सुरुवातीला नको, त्यांना वेळ लागतो. साखर सत्तरीच्या वर आली आणि पुढचं जेवण तासाभराहून लांब असलं, तर मग पोळी-भाजी, दूध-पोळी असं काही पोटभरीचं द्यायचं, म्हणजे ती पुन्हा उतरत नाही.

बेशुद्ध माणसाच्या, किंवा ज्याला गिळता येत नाही अशाच्या, तोंडात काहीही घालायचं नाही. साखरपाणी नाही, पाणी नाही, दातखीळ बसली म्हणून चमचा तर मुळीच नाही. ते फुप्फुसात जाऊन गुदमरतं. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं यात अमूल्य मिनिटं जातात. आणि 'डायबेटिसवाला बेशुद्ध पडलाय' म्हणून घाईघाईत कुणी इन्सुलिन टोचू नये, त्याने उरलासुरला आधारही जाईल. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे ओकारी झाली तरी श्वास अडणार नाही. १०८ ला फोन करा आणि 'मधुमेहाचा पेशंट, बेशुद्ध, शुगर लो असावी' एवढं स्पष्ट सांगा. अ‍ॅम्ब्युलन्सला उशीर होणार असेल तर जी गाडी मिळेल तिने जवळच्या दवाखान्यात न्या. शिरेतून ग्लुकोज गेलं की पुष्कळदा माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो.

घरीच करता येण्यासारखा एक उपाय आहे, ग्लुकागॉनचं इंजेक्शन. मोठ्या माणसाला एक मिलिग्रॅम, पंचवीस किलोच्या आतल्या मुलांना त्याच्या निम्मं, मांडीत किंवा दंडात. शीर शोधावी लागत नाही, शिकवलं तर घरातलं कुणीही देऊ शकतं. शुद्ध यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, नंतर मळमळतं. अमेरिकेत २०१९ पासून नाकात फवारायचं ग्लुकागॉनही मिळतं. आपल्याकडे इंजेक्शनसुद्धा प्रत्येक मेडिकलमध्ये सापडत नाही, मागवून ठेवावं लागतं. टाइप वनचं मूल असलेल्या घरात ते असावं आणि शाळेतल्या एका तरी शिक्षकाला ते देता यावं. ग्लुकागॉन यकृतातला साठा बाहेर काढतं, त्यामुळे खूप उपाशी किंवा दारू प्यायलेल्या माणसात, जिथे साठाच रिकामा आहे, तिथे ते फारसं चालत नाही.

शुद्ध आली म्हणजे सगळं संपलं असं नाही, विशेषतः सल्फोनिलयुरियाची गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत. ग्लुकोजने साखर वर येते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, डॉक्टरांना 'आता सोडा' म्हणतात. पण गोळी अजून शरीरात असते आणि दोन-चार तासांनी साखर पुन्हा कोसळते. किडनी अधू असेल तर ही ओढाताण दिवसभराहून जास्त चालू शकते. म्हणून अशा पेशंटला डॉक्टर चोवीस तास किंवा त्याहून जास्त ठेवून घ्या म्हणाले तर घरी नेण्याची घाई करू नका. बिल वाढवण्यासाठी ठेवतात असा संशय इथे घेऊ नये.

गाडी चालवणाऱ्यांनी निघण्याआधी साखर पाहावी. ९० च्या खाली असेल तर आधी खावं. हायपो होऊन गेल्यावर आकडा सुधारला तरी पाऊण तास स्टिअरिंग किंवा हँडल हातात घेऊ नये, मेंदू आकड्यापेक्षा उशिरा सावरतो.

दुसऱ्या दिवशीचं काम

तीव्र हायपो होऊन गेला की घरात दोन टोकांच्या गोष्टी घडतात. एक तर 'तुम्ही वेळेवर जेवतच नाही' म्हणून पेशंटला धारेवर धरलं जातं, नाहीतर घाबरून औषधच बंद केलं जातं. दोन्ही वाईट. हायपो हा औषधाचा दुष्परिणाम आहे. तो कशामुळे झाला हे शोधायचं असतं. जेवण चुकलं, डोस दोनदा घेतला गेला, सिरिंज बदलली, नवी अँटिबायोटिक चालू झाली, वजन उतरलं, किडनीचा रिपोर्ट बदलला. काहीच सापडलं नाही तर डोस जास्त आहे हेच कारण, आणि तो डॉक्टरांनी कमी करायला हवा. टाइप वनच्या पेशंटने तर इन्सुलिन पूर्ण बंद करायचंच नाही, ते उलट्या दिशेने तितकंच जीवघेणं ठरतं.

साखर किती कडक ठेवायची याचं उत्तर प्रत्येकासाठी वेगळं आहे, हे वैद्यकशास्त्र मोठ्या अभ्यासांतून शिकलं. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप वन पेशंटच्या अभ्यासाने दाखवलं की काटेकोर नियंत्रणाने डोळे आणि किडन्या वाचतात, पण तीव्र हायपो जवळपास तिप्पट होतात. २००८ साली दहा हजारांहून अधिक टाइप टू पेशंटच्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. त्या मृत्यूंना हायपोच जबाबदार होते असं सिद्ध झालं नाही. पण सरसकट सगळ्यांची साखर शक्य तितकी खाली ओढायची, ही भूमिका त्यानंतर बदलली. आज तरुण, नव्याने मधुमेह झालेल्या माणसासाठी ७ च्या आत हे उद्दिष्ट ठीक आहे. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या, एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसासाठी ८ च्या आसपास पुरेसं मानतात. पंचाहत्तरीच्या आजोबांचा एचबीएवनसी इन्सुलिनवर ६.१ आला म्हणून कौतुक करताना महिन्यातून किती वेळा त्यांना घाम फुटतो हेही विचारा. ही दोन्ही उत्तरं एकत्र ठेवली तरच तो रिपोर्ट चांगला की वाईट ते कळतं.

हे डॉक्टरांपर्यंत पोचवायचं कुणी? पेशंटला पुष्कळदा त्या अर्ध्या तासातलं काही आठवत नाही, आणि आठवलं तरी औषध बदलतील किंवा गाडी बंद करायला सांगतील या धास्तीने तो गप्प राहतो. तेव्हा किती वाजता, काय खाल्लं होतं, आकडा किती, काय दिलं आणि किती वेळाने सावरले, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या व्हिजिटला प्रसंग पाहिलेलं घरातलं माणूस केबिनच्या बाहेर न बसता आत जाऊ द्या.